पानमळ्यातला लवंगेचा वास

त्या वर्षी आमच्या पानमळ्यात शिरलं की पीठ उडायचं. चक्कीवर रिकामं पोतं झटकलं की उडतं, तसं. वेलीला नुसता पदर लागला तरी पानांखालून पांढऱ्या माश्यांचा लोट उठायचा, डोळ्यांत-नाकात शिरायचा आणि दोन श्वासांत पुन्हा जागच्या जागी बसायचा. तिळापेक्षा लहान माशी. पण पानाच्या पाठीला तोंड लावून ती रस ओढायची, तिच्या चिकट्यावर काजळी धरायची, आणि आमचं रामटेकचं कपुरी पान, जे उजेडाकडे धरलं की पिवळसर हिरवं झळकायला हवं, ते चुलीजवळच्या भिंतीसारखं काळवंडून जायचं. असलं पान कोण तोंडात घालणार? अर्धी पानं माय घरीच वेगळी काढायची. उरलेली करंडीत बसून नागपूरला जायची, आणि त्यातलीही बरीच नापसंत झाल्याचा निरोप यायचा. आमच्या ओळीत पाच मळे होते. त्यातले तीन उठले होते. उठलेल्या मळ्याचे बांबू लोक जळणाला नेतात. ते तोडल्याचा आवाज आमच्या पडवीपर्यंत यायचा आणि बाबा जेवता जेवता थांबायचे.

आम्ही बारई. पानवेल लावणं हाच आमचा पिढ्यांचा धंदा, दुसरं काही येत नव्हतं. घर दोन खोल्यांचं, पुढे पडवी. पडवीत पानं मोजायची, पुसायची, केळीच्या पानात बांधून करंडीत रचायची, त्यामुळे तिथे बारा महिने ओलसर फडक्यांचा वास असे. सकाळी कण्यांची पेज, संध्याकाळी भात आणि लाखोळीच्या डाळीचं पातळ वरण. वरण किती पातळ आहे यावरून पानं कशी गेली ते मला विचारावं लागत नसे. त्या पावसाळ्यात ते इतकं पातळ झालं की ताटातली नक्षी दिसायची. सावनेरकडे कोळशाच्या खाणीत माझे काका होते. त्यांचा निरोप आला होता, इकडे माणसं घेऊन राहिले, या. बाबांनी माईला सांगितलं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. "दिवाळीलोक पाहतो. नाई सुधरलं तं मळ्याचे तट्टे उतरवतो न जातो. तिकडं एकाच खोलीत त्याचं न आपलं बिऱ्हाड. पोरीचं शिक्षण आता पुरे झालं. तिले एखादं स्थळ पाहू."

माईने भांडी जरा जोरात घासली, एवढंच.

मी तेव्हा नागपूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. बाबांना सही येत होती, माईला तीही नाही. पहाटेची एसटी, खिडकीशी जागा मिळाली तर वाचन, नाही तर दीड तास उभं राहून मनातल्या मनात समीकरणं. ते सगळं आता पानांच्या पाठीवर बसलेल्या माशीच्या हाती होतं. हे मी आज हसत लिहिते आहे, पण तेव्हा रोज परतताना एसटीतून उतरले की आधी मळ्याचे तट्टे जागेवर आहेत का ते पाहायची.

कोणी म्हणेल, औषध का नाही मारलं? बाकीच्यांनी मारलंच होतं. आमचे शेजारी झिंगरूजी, ज्यांचा मळा आमच्या मळ्याला लागून होता, ते पंप पाठीला लावून दर आठ दिवसांनी फवारायचे, आणि बाबांना म्हणायचे, "काहून गा काशीराम, माश्या पोसून राहिला का?" पण बाबांचा एक नेम होता. पान पिकवून खात नाहीत, शिजवून खात नाहीत, सोलूनही खात नाहीत. वेलीवरून निघालं की देवापुढे नाही तर माणसाच्या तोंडात. त्यावर विष मारायचं नाही. आमच्याकडे मळ्यात चपला घालून जात नसत, आंघोळ केल्याशिवाय शिरत नसत. बायकांना महिन्यातले चार दिवस बंदीच असे. त्याबद्दलचं माझं मत मी नंतर घरात मोठ्या आवाजात सांगितलं, पण तो नेमही तेव्हा होता. आणि एक रीत खास बाबांची. खुडणीच्या दिवशी पहिल्या वेलीचं पहिलं पान ते स्वतः खायचे. चुना नाही, कात नाही, सुपारी नाही, नुसतं पान. डोळे मिटून चावायचे, थुंकायचे, आणि "हाव", म्हणजे हो, म्हणायचे. ते 'हाव' आलं की मगच बाकीचे हात वेलीला लागायचे.

आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमनी त्या महिन्यात एक प्रॅक्टिकल घेतलं. गवती चहाच्या पाती चंबूत घालून वाफेवर तेल काढायचं. मला वाटलं होतं तेल म्हणजे वाटीभर तरी निघेल. निघाले काही थेंब, पाण्यावर पिवळसर तरंगणारे. पण वास असा की लॅबमधला शिपाई दारात येऊन उभा राहिला. मॅडम म्हणाल्या, "झाडं हा वास तुमच्या चहासाठी तयार करत नाहीत. किड्यांनी जवळ येऊ नये म्हणून करतात. लहान किड्याच्या अंगाला हे तेल झोंबतं, त्याचा श्वास कोंडतो." सगळ्या पोरी वहीत लिहीत होत्या. मी लिहायचं थांबवलं. तास संपल्यावर विचारलं, "मॅडम, हे पानावर मारलं आणि ते पान कोणी खाल्लं तर?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कुठल्या पानावर?" मी सांगितलं. कॉलेजात मी आधी कधी बारयाची पोर आहे असं सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "चहात पाती टाकतेस ना तू? अगदी पातळ करून वापर. आधी दोनच वेलींवर बघ, पान करपतं का. आणि उन्हात मारू नकोस, उडून जाईल."

उडून जाईल, हा शब्द मी नीट ऐकला असता तर पुढची फजिती टळली असती.

घरी तेल काढायचं म्हणजे भट्टी लावायची. माईने पाणी भरायचा तांब्याचा गुंड दिला, बाबांनी बांबूची नळी कोरली, जोडाला कणकेचा लेप लावला, नळीवर ओलं फडकं गुंडाळलं. मोरीजवळ गवती चहा प्रत्येकाच्याच घरी असतो. मी आळीभर फिरून भारे गोळा केले. तिसऱ्या दिवशी झिंगरूजी अंगणात येऊन उभे राहिले. गुंड पाहिला, नळी पाहिली, थेंब गळताना पाहिले. मोहाची दारू अशीच काढतात हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे.

"भाऊजी, बसा ना," माय म्हणाली.

"बसतो. पण हे का चालू आहे वं वहिनी? गावात म्हणून राहिले, बारयानं मळा सोडला न भट्टी लावली."

"चहा काढून राहिलो," माय म्हणाली.

"गुंडात?"

"आमची पोर कॉलेजात शिकते. तिथं असाच काढतात."

झिंगरूजींनी बाटलीला नाक लावलं, थोडे खट्टू झाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं वास घेऊन गेले. आठ दिवस भट्टी चालली. खोकल्याच्या औषधाची एक बाटली अर्धी भरली. घराची मात्र पुरती चव बदलली. भाताला तो वास, उशीला तो वास, माझ्या वेणीला तो वास. बाबा म्हणाले, "पाणी पिलो तरी चहा पिल्यासारखं वाटते." त्या बोलण्यात पुढची सगळी चूक होती, पण आम्ही हसलो.

तेल पाण्यात मिसळेना. वर तवंग धरून बसायचं. माय केस धुवायला रिठे भिजत घालायची, त्या फेसाचं पाणी तिने आत ओतलं, रवीने घुसळलं, आणि ताकासारखं पांढुरकं पाणी तयार झालं. लॅबमध्ये ते कसं करतात ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी गप्प बसून बघितलं. विष गेलेला पंप मळ्यात आणायचा नाही असं बाबांचं म्हणणं. म्हणून होळीची पितळी पिचकारी काढली, तिच्या तोंडाला फडकं बांधलं की फवारा बारीक उडायचा. आधी दोन वेली. चार दिवस पाहिल्या, पान करपलं नाही. मग एका सोमवारी संध्याकाळी तिघांनी मिळून सगळा मळा भिजवला, वाकून, खालून वर, पानांच्या पाठीवर. पानमळा चारी बाजूंनी तट्टे लावून बंद असतो, वर गवताचं छप्पर असतं. वास आत कोंडून राहिला. मंगळवारी सकाळी बाबा आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी गेले तर ते वेल हलवून बघत होते. एक हलवली, दुसरी हलवली. पीठ उडालं नाही. इकडेतिकडे चार माश्या उठल्या, बाकीच्या जमिनीवर पडलेल्या होत्या. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, तशी त्यांना सवय नव्हती. पण पिचकारी माझ्या हातातून घेऊन स्वतः धुतली.

बुधवारी खुडणी. आमचा तो ठरलेला वार. बाबांनी पहिलं पान खाल्लं, डोळे मिटले, "हाव" म्हणाले. माईने खाल्लं, मी खाल्लं. छान होतं. चार करंड्या भरल्या, वर ओलं फडकं, आणि संध्याकाळच्या एसटीच्या टपावर चढवल्या.

गुरुवारी कॉलेज सुटल्यावर मी पानबाजारातून चालले होते. आमची पानं घेणारे अडते बिसन शेठ गादीवरूनच हाक मारत म्हणाले, "ए बाई, काशीरामची पोट्टी ना तू? इकडे ये." मी गेले. आमच्या चारही करंड्या फळीखाली तशाच होत्या. त्यांनी एकीचं फडकं वर केलं. "घे, वास घे."

मी घेतला. मला वास आलाच नाही.

"नाही आला? अरे वा. बाजाराले आला न तुले नाही आला. सकाळपासून पानठेलेवाले विचारून राहिले, शेठ, पान भेजा की चाय? एकानं तं कपबशी मागितली. तुह्या बापाले सांग, मी याचं काय करू? माझं गिऱ्हाईक तंबाखूचं पान मागते, त्याले चहा देऊ?" ते रागावलेले नव्हते, हेच वाईट. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं. "तुह्या बापानं तीस वर्षं मले पान देल्लं, कधी असं नाही केलं. हे वापस घेऊन जा. न पुढचं आता पाहू."

दोन करंड्या मी एसटीत पायाशी ठेवल्या, दोन टपावर. कामठीच्या पुढे एका म्हाताऱ्या बाईने पिशवीतून पेला काढला आणि मला विचारलं, "पोरी, चहा गरम आहे का वं?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. तोपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला होता. आठ दिवस आम्ही त्या वासात जेवलो, झोपलो. आमची नाकं मेली होती. बाबांच्या जिभेने तीस वर्षांत चूक केली नव्हती, ती मी करायला लावली होती.

बाबांनी करंड्या पाहिल्या. मी सांगितलं ते सगळं ऐकलं. मग म्हणाले, "माश्या मेल्या, पान बी मेलं." आणि काकांना पत्र लिहायला मला सांगितलं. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून आम्ही सावनेरला येतो असं पत्र मलाच लिहावं लागणार होतं. मी वही घेऊन बसले. शाईचं टोपण उघडलं. बाबा सांगत होते आणि मी लिहीत नव्हते.

तेवढ्यात माय परसातून आली. तिच्या हातात रानतुळशीची फांदी होती, तळ्याच्या काठाने मोकाट वाढते ती, मोठ्या पानांची. तिने चार पानं तळहातावर चोळली आणि हात माझ्या नाकाशी धरला. माझं नाक मेलेलं, तरी तो वास आत शिरला. लवंग. साफ लवंग.

"विड्याले काय टोचता तुम्ही?" ती बाबांना म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"लवंग टोचता ना? मंग वास राह्यलाच तं लवंगेचा राहू द्या. पानाले लवंगेचा वास आला म्हणून कोणी करंडी वापस केली का आजलोक? चहाचा वास पानाचा सोयरा नाई. हा आहे."

चाळीस वर्षं मी शाळेत केमिस्ट्री शिकवली. त्या तुळशीतलं आणि लवंगेतलं वासाचं द्रव्य एकच, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. सही न येणाऱ्या बाईने ते तळहातावर चोळून ठरवलं होतं. आता मला शेतीच्या दुकानात असल्या तेलांच्या बाटल्या दिसतात, वर झाडाचं चित्र, खाली इंग्रजी. मी उचलून बघते, पाठीमागचं वाचते आणि परत ठेवते.

माईचं ऐकल्यावर मला मॅडमचा शब्द आठवला. उडून जाईल. मी बाबांना म्हटलं, "आपण सोमवारी मारलं न बुधवारी खुडलं. वर बंद करंडीत कोंडलं. हे तेल उडून जाणारंच आहे, त्याले उडायले दिवस द्यावे लागते. खुडणी झाली की त्याच संध्याकाळी मारायचं. पुढची खुडणी पंधरा दिवसांनी. तोवर पानावर काही राहत नाई." बाबांनी वहीकडे बघितलं. कागद कोराच होता. "पंधरा दिवस," ते म्हणाले. "पत्र मंग लिहू."

पुन्हा भट्टी, पुन्हा झिंगरूजी. या वेळी त्यांनी विचारलं नाही, नुसतं गुंडाकडे बघून म्हणाले, "आज काय, मसाला?" रानतुळशीचं तेल गवती चहापेक्षाही कमी निघालं. माईने ते मळ्याच्या मागच्या बाजूला, वारा घराकडे येणार नाही अशा ठिकाणी काढलं. वेलींवर राहिलेली चहाच्या वासाची पानं बाबांनी पुरती खुडून टाकली आणि त्याच संध्याकाळी फवारलं. माश्या पुन्हा यायला लागल्याच होत्या, त्या पुन्हा पडल्या. नवी पानं फुटली, रुंदावली. दर दोन दिवसांनी मी एसटीतून उतरून थेट मळ्यात जायची, चपला दाराशी, आणि वेल हलवायची. पंधरा दिवस माझं अभ्यासात लक्ष नव्हतं हे मी कबूल करते.

खुडणीच्या बुधवारी पहाटे बाबांनी पहिलं पान खुडलं, पण तोंडात घातलं नाही.  त्यांनी पंचवीस पानांची एक गड्डी केली, केळीच्या पानात बांधली आणि माझ्या हातात दिली. "माह्या जिभेचा आता भरोसा नाई," ते म्हणाले. "शेठले दे. त्याले काही सांगू नको. तो खाईन, न काय म्हणते ते ऐकून ये. तो हाव म्हणन तं करंड्या भरू. नाई म्हणन तं…" पुढचं त्यांनी सांगितलं नाही. तीस वर्षांची रीत त्यांनी माझ्या हातात बांधून दिली होती.

बिसन शेठ नुकतीच गादी झटकत होते. मी गड्डी पुढे ठेवली. "बाबांनी पाठवली. खाऊन पाहा म्हणाले."

"चहा झाला माझा सकाळी," शेठ म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. गड्डी सोडली. एक पान उचलून उजेडाकडे धरलं. पालथं केलं, पाठ अंगठ्याने पुसली, अंगठा पाहिला. काळं काही नव्हतं. नाकाला लावलं. शिरा काढल्या, दुमडलं आणि तोंडात घातलं, नुसतंच. मी त्यांच्या जबड्याकडे बघत होते. बाजारात हातगाड्यांची ओरड चालू होती, कोणीतरी पाण्याची बादली ओतली, ते पाणी माझ्या पायांखालून गेलं. शेठनी दुसरं पान घेतलं. तेही चावलं. मला वाटलं आता लवंग म्हणतील.

"कपुरी आहे," ते म्हणाले. "रामटेकचं. जसं पाहिजे तसं."

"वास?"

"कायचा वास? पानाचा वास." त्यांनी तिसरं पान घेतलं, त्याला चुना लावला, म्हणजे ते आता तपासणीचं नव्हतं, खायचं होतं. "बापाले सांग, सगळा माल आजच रात्रीच्या गाडीनं टाक. न हे सांग, की चहा बंद केला ते बरं केलं."

मी हो म्हणाले की नाही ते आठवत नाही. चालत सुटले. पानबाजार मागे पडला, चौक आला, बसथांबा आला, आणि थांब्यावरच्या एका पोरीने विचारलं, "ताई, तुमच्या चपला?" मी खाली पाहिलं. पाय अनवाणी, चिखलाने भरलेले. शेठच्या दुकानापुढे मी न कळत चपला काढून ठेवल्या होत्या, मळ्यात शिरताना काढतात तशा. परत गेले. शेठनी त्या उचलून फळीखाली ठेवल्या होत्या, पावसात भिजू नयेत म्हणून. त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल अर्धं बुडालं. मॅडमनी उशिराचं कारण विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी हजेरी लावली.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बाबा तट्ट्याशी उभे होते. मी लांबूनच "हाव" म्हणाले. ते आत वळले, पहिल्या वेलीचं एक पान खुडून तोंडात घातलं, आणि करंड्या आणायला माईला हाक मारली. त्या रात्रीचं वरण पातळच होतं, पण माईने त्यात लसणाची फोडणी दिली.

परवा मला नागपुरात धंतोलीच्या डॉक्टरांनी सुपारी आणि चुना बंद केला. म्हटलं, नुसतं पान? ते म्हणाले, नुसतं पान चालेल, आजी. नुसतं पान खायला मला कोणी शिकवावं लागत नाही.

तेव्हा झिंगरूजींनीही पुढच्याच वर्षी माईकडून गुंड मागून नेला. आमचा मळा उठला नाही. बाबा खाणीत गेले नाहीत. आणि दोन वर्षांनी मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली.